एकदाच दाबलेलं बटण

बाबा : पेटी सरळ धर, ठकू. आडवी झाली की भिंगं खाचेतून सुटतात, आणि मग अधिकचं कुठलं नि उणेचं कुठलं ते शोधत बसावं लागतं.

ठकू : बाबा, ही आजच भरायला हवी का?

बाबा : आज नाही तर कधी? चौकातला चष्मेवाला येतोय संध्याकाळी टेम्पो घेऊन. पेटी, डोळे तपासायची खुर्ची, काच घासायचं यंत्र, सगळं एकदम उचलतो म्हणाला. माझ्याच हाताखाली चष्मे करायला शिकला, आता माझंच दुकान घेऊन चाललाय. चला, परक्याकडे तर नाही जात.

आत्या : परवा आला होता तेव्हा खुर्चीभोवती असा फिरत होता, जसं काही तिच्याखाली मांजर लपलंय.

बाबा : बेबी, तू फ्रेमा गुंडाळ.

आत्या : गुंडाळतेय की. हात कामात आहेत, तोंड मोकळं आहे.

ठकू : बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.

बाबा : बोल ना. काम करता करता बोल. आणि तू अशी भरदुपारी ऑफिसातून कशी सुटलीस?

ठकू : रजा टाकली.

आत्या : बापाचं दुकान आवरायला रजा देतात? बरं आहे बाई. मी नोकरीत होते तेव्हा तापाने फणफणले तरी साहेब विचारायचा, ताप किती आहे, त्यात टाइप करता येतं का?

ठकू : आत्या, प्लीज. एक मिनिट.

बाबा : अगं, पण तू तोंड एवढंसं का केलंयस? मी काही मरत नाहीये. विसरायला लागलोय एवढंच. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना तू? सुरुवात असू शकते, नसूही शकते. काही महिन्यांनी परत या. म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही. नुसता टाय छान होता.

ठकू : नसूही शकते, असं म्हणाले होते ना?

बाबा : म्हणाले. पण त्यांना माझ्या चुका कुठे पुऱ्या माहीत होत्या? शाळेतल्या बाईंच्या काचा एकाऐवजी दोन जोड आल्या. मग त्या ड्रायव्हरच्या. मग आपल्या सुताराच्या, त्याच्या तर दुहेरी नंबराच्या, महागड्या. त्या नंबराचा दुसरा माणूस हुडकून सापडायचा नाही. घासून आलेली काच परत देता येत नाही, कुणाला बसत नाही. तो खालचा ड्रॉवर बघ. मी त्याला अनाथाश्रम म्हणतो.

आत्या : म्हणतो आणि त्या दिवशी जेवत नाही.

ठकू : शाळेतल्या बाईंच्या वेळी... बाबा, त्यांची ऑर्डर टाकताना तुम्ही नक्की काय केलं होतं, आठवतंय?

बाबा : आता तूही परीक्षा घेणार? त्या डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि गप्पा मारायला लागले. मग एकदम म्हणाले, आता ते पाच शब्द सांगा. मला दोनच आठवले. मग घड्याळाचं चित्र काढायला लावलं. ते मी फक्कड काढलं. शिवाय त्यांचा चष्मा नाकावरून सारखा घसरत होता, तो दांडी वाकवून नीट करून दिला. त्याचे मार्क नाही धरले त्यांनी.

ठकू : बाबा, ऐका. तुम्ही एकदाच दाबलं होतं.

बाबा : काय?

ठकू : ते बटण. "पुन्हा मागवा"चं. शाळेतल्या बाईंच्या वेळी, ड्रायव्हरच्या वेळी, सगळ्या वेळी. तुम्ही एकदाच दाबत होतात. तुमची काही चूक नव्हती.

आत्या : आं?

बाबा : ...बेबी, ती जुनी वर्तमानपत्रं दे इकडे. पेटीत मोकळी जागा राहिली तर हादरे बसतील.

ठकू : बाबा, ऐकलंत का?

बाबा : ऐकलं. गुणाची आहेस. पण असं नको करूस, राजा. मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस. पेटी भरताना बघितलीस आणि तुझं पोट तुटलं.

ठकू : नाही हो! खरं सांगतेय.

बाबा : तूच इथे उभी राहून मला स्क्रीनवर दाखवलं होतंस ना? दोन ऑर्डरी, एकाखाली एक. "बाबा, हे बघा, दोनदा दाबलंय." मी डोळ्यांनी बघितलं. डोळ्यांचाच धंदा आहे माझा.

आत्या : आणि वर ही चिठ्ठी कुणी चिकटवली काउंटरवर? "एकदाच दाबा. थांबा." मीच चिकटपट्टी आणून दिली होती.

ठकू : हो, मीच. दोन ऑर्डरी आल्या होत्या हे खरंच होतं. पण त्या तुमच्या बोटातून आल्या नव्हत्या. माझ्यामुळे आल्या होत्या. मी एक गोष्ट चालू केली होती, तुम्ही काचा मागवता त्या आमच्या ऑफिसच्या साइटवर. काल कळलं. माझ्या शेजारी बसणारा ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तपासत होता, तिथे नेटवर्क धड येत नाही. त्याने एकदा दाबलं, दोन गेल्या. परत दाबलं, परत दोन.

बाबा : हे बघ, ठकू, तुला खोटं नीट बोलता येत नाही. एकदा दाबून दोनदा कसं जाईल?

आत्या : थांब दादा. तिला सांगू दे. पण मला कळेल असं सांग हं. तुझे ते सर्व्हर-फिर्व्हर नकोत.

ठकू : बरं. तू रोज दुपारी चहा कसा मागवतेस?

आत्या : कसा म्हणजे? दारात जाते आणि हाक मारते.

ठकू : समोरच्या टपरीवर जाऊन, त्यांच्यासमोर उभी राहून, "मी बेबीताई, चष्म्याच्या दुकानातली, मला दोन चहा हवेत" असं सांगतेस?

आत्या : सांगायचं काय त्यात? माझा आवाज ओळखतात ते. मी दारातूनच ओरडते, "दोन!" की आले दोन.

ठकू : तेच. पूर्वी ब्राउझर... ब्राउझर म्हणजे बाबा, ज्यात तुम्ही आमचं पान उघडता ते... तो दर वेळी रस्ता ओलांडून जायचा. सर्व्हरला, म्हणजे आमच्या टपरीला, ओळख पटवायचा, हातात हात द्यायचा, आणि मग मागणी सांगायचा. त्यात एक फेरी वाया जायची. आता नवीन सोय आली. आधीची ओळख असेल तर ब्राउझरने दारातूनच ओरडायचं. पहिल्याच हाकेत मागणी. पान चटकन उघडतं.

आत्या : मग चांगलंच आहे की.

ठकू : आता समज, तू ओरडलीस आणि मध्ये मोठी गाडी गेली. चहा काही आला नाही. तू काय करशील?

आत्या : परत ओरडेन.

ठकू : टपरीवर दोघं आहेत, नवरा आणि बायको. पहिली हाक त्याने ऐकली होती. दुसरी तिने ऐकली. त्यांनी एकमेकांना काही विचारलं नाही.

आत्या : म्हणजे चार चहा येणार. अगं, झालंय असं! मागे एकदा चार आले आणि मी त्या बिचारीशी भांडले होते.

ठकू : तसंच झालं. आमच्याकडेही सर्व्हर दोन आहेत. आणि तुमच्या दुकानात, मागच्या भिंतीपाशी, सिग्नल सारखा तुटतो. पहिली हाक पोचायची, पण उत्तर परत यायचं नाही. मग ब्राउझर आपणहून परत हाक मारायचा. तुमच्या बोटाला न विचारता.

बाबा : पण शहाण्या टपरीवाल्याने विचारायला नको, बाई, आत्ताच तर दिले?

ठकू : हवं ना. ते विचारायचं काम माझं होतं. मी ते लिहिलंच नाही.

आत्या : का?

ठकू : कारण... ब्राउझर तसा सांभाळून असतो. दारातून ओरडून तो फक्त बघायच्या गोष्टी मागतो. किती वाजले, विचारल्यासारखं. दोनदा विचारलं म्हणून कुणाचं बिघडत नाही. काही मागवायचं असेल, नोंदवायचं असेल, तर तो थांबतो, ओळख पक्की होऊ देतो. पण कुठली गोष्ट बघायची आणि कुठली मागवायची, हे त्याला साइट बनवणाऱ्याने सांगायचं असतं. मी "पुन्हा मागवा" हे बटण बघायच्यात टाकून दिलं होतं. फार पूर्वी, घाईत. एका ओळीचं काम होतं. तेव्हा काही अडलं नाही, म्हणून तसंच राहिलं.

बाबा : "पुन्हा मागवा"?

ठकू : हो. तेवढं एकच बटण.

बाबा : नवीन गिऱ्हाइकाचा नंबर भरून मागवतो, ते बटण नाही?

ठकू : नाही, ते नीट आहे. ते फॉर्म भरून जातं. जुन्या माणसाचा नंबर बदललेला नसतो, नुसती काच नवी हवी असते, तेव्हा तुम्ही जे दाबता ते.

बाबा : जुन्या माणसाचं...

आत्या : दादा? काय झालं? बस खाली. खुर्चीवर बस. अजून तुझीच आहे ती.

बाबा : बेबी, आठवतं तुला? मी म्हणालो होतो. दुप्पट येतात त्या जुन्याच माणसांच्या काचा येतात. शाळेतल्या बाई, ड्रायव्हर, सुतार, सगळे जुने. नव्या माणसाची एकही नाही.

आत्या : म्हणाला होतास. जेवताना म्हणाला होतास.

बाबा : मला वाटलं, जुनी माणसं आली की मी गप्पांत रमतो आणि बोट आपलं दाबत सुटतं. म्हणून मी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. बाई त्या दिवशी म्हणाल्या, काही चुकलं का माझं? मी म्हणालो, नाही, जरा घसा बसलाय.

ठकू : मलाही म्हणाला होतात तुम्ही. फोनवर. जुन्याच लोकांचं होतंय म्हणून. मी म्हणाले, योगायोग असेल.

बाबा : "बाबा, सगळ्यात पॅटर्न शोधू नका," असं म्हणालीस.

ठकू : हो.

बाबा : हे बघ, मला आठवतंय.

ठकू : बाबा, असं नका ना बोलू. मला आधीच धरणीने पोटात घ्यावं असं झालंय.

आत्या : आणि ही ओरडायची सोय आताच कुठून उपटली? दोन-तीन वर्षं तर तो हेच बटण दाबतोय.

ठकू : त्याला दोन्ही बाजू लागतात. सर्व्हरने परवानगी द्यायची आणि ब्राउझरला ते यायला हवं. परवानगी मी आधीच देऊन ठेवली होती. बाबांच्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर नंतर शिकला, आपोआप अपडेट होऊन. कुणी काही हात लावला नाही, आणि एक दिवस सुरू झालं. म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाबा : पण तू परवानगी दिलीस कशाला?

ठकू : सोडा ना ते.

बाबा : नाही, सांग.

ठकू : तुम्ही म्हणाला होतात, तुझं पान उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा नंबर वाढतो. शाळेतल्या बाईंसमोरच म्हणालात, त्या हसल्या. मला लागलं ते. मी शोधलं, वाचलं, चालू केलं. तुमच्या दुकानात पान पटकन उघडावं म्हणून. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. साहेबांनी मीटिंगमध्ये उभं केलं मला.

बाबा : म्हणजे खोड माझ्या जिभेची. घ्या!

ठकू : नाही! हे असं नका करू. तुम्ही दर वेळी असंच करता, विनोद करून सगळं स्वतःकडे ओढून घेता. वाचलं होतं मी, बाबा. जिथे ही सोय कशी चालू करायची ते लिहिलंय, तिथेच खाली लिहिलंय की तीच हाक दोनदा ऐकू येऊ शकते, सांभाळा. माझ्या शेजारच्यानेही विचारलं होतं, दोनदा पोचलं तर? मी म्हणाले, पुस्तकात होतं तसं, प्रत्यक्षात नाही होत.

आत्या : आणि चोराचिलटाचं काय? कुणी माझा आवाज टेप करून घेतला, आणि मी नसताना वाजवला, तर?

ठकू : तर परत चहा येतील. तू काय बोललीस ते चोराला कळलं नाही तरी चालतं. बंद पाकीटच आहे ते, उघडता येत नाही. पण पाकीट उघडायची गरजच काय? तेच परत टाकलं की झालं. म्हणून तर ती धोक्याची सूचना होती. आमच्याकडे चोर आला नाही. चोराची गरजच पडली नाही, मी होते ना.

बाबा : पुरे. पाणी पी.

ठकू : नको.

बाबा : पी म्हणतो ना. बेबी, दे तिला.

आत्या : घे. एवढी शिकलेली, आणि डोळे पुसायला दुकानातलं काच पुसायचं फडकं वापरतेय. ठेव ते, त्याला औषध लावलेलं असतं.

ठकू : बाबा, पहिल्या वेळी तुम्ही का नाही म्हणालात? ठामपणे? की मी एकदाच दाबलंय म्हणून?

बाबा : म्हणालो होतो.

ठकू : कधी?

बाबा : त्याच दिवशी. तू इथे उभी होतीस, बाई तिथे. मी म्हणालो, ठकू, मी एकदाच दाबलं गं. तू हसलीस. रागाने नाही, प्रेमानेच. बाईंना म्हणालीस, मशीन खोटं बोलत नाही ना. मग त्याही हसल्या. मीही हसलो. मला पक्कं ठाऊक होतं तेव्हा. बोटाला कळतं. मी इतकी वर्षं काचेवर बोट टेकवतोय, किती जोराने आणि किती वेळा ते बोट विसरत नाही. पण असं बघ. येईल त्याला मी सांगत होतो की हे पान माझ्या मुलीने केलंय. आता शहरातले सगळे चष्मेवाले ह्याच्यावर मागवतात, म्हणून सांगत होतो. गिऱ्हाईक चष्मा घ्यायला आलेलं असायचं, त्याला मी कॉम्प्युटर दाखवायचो. मग आता तेच पान चुकतं, असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हातारा चुकतो, हे सांगायला सोपं होतं. लगेच पटतं लोकांना.

आत्या : म्हणजे तू खोटंच बोललास, दादा? आणि मी इकडे...

बाबा : पहिल्यांदाच फक्त. ड्रायव्हरच्या वेळी मी स्वतःलाच विचारलं, खरंच एकदा दाबलं का? सुताराच्या वेळी मला सांगताच येईना. बोट बटणावर नेलं की परत मागे घ्यायचो. मग घरी गॅस बंद केला का, दुकानाला कुलूप घातलं का. अर्ध्या रस्त्यातून परत यायचो. कुलूप असायचंच. डॉक्टरांनी ते पाच शब्द सांगितले तेव्हा मी ऐकलेच नाहीत, ठकू. डोक्यात एकच चाललं होतं, हे विसरलो तर ठकूचं म्हणणं खरं ठरणार.

ठकू : मीच तुम्हाला नेलं होतं तिथे. हात धरून. रिसेप्शनवर तुमचं नाव मी सांगितलं, तुम्हाला सांगू दिलं नाही.

बाबा : ते जरा लागलं होतं. आता म्हणून सांगतो.

आत्या : मला तर कुठे तोंड लपवू असं झालंय. मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. दादा रस्त्यात गोंधळलेला दिसला तर घरी आणून सोडा.

बाबा : तरीच! तरीच ते सगळे माझ्याशी एवढ्या मोठ्याने आणि सावकाश बोलतात! वरच्या मजल्यावरचा परवा जिन्यात म्हणाला, "का... का... आ... पण... घ... री... चा... ल... लात?" मला वाटलं, त्यालाच काही झालंय. मी त्याची चौकशी केली.

आत्या : हसू नकोस रे. मला रडायला येतंय.

बाबा : मग रड. पण फ्रेमांवर नको.

ठकू : अजून एक आहे, बाबा. तेही सांगते. नाहीतर परत अर्धवटच राहील. काल साहेबांना दाखवलं. त्यांनी ती सोय लगेच बंद करायला लावली. आता परत होणार नाही. मग म्हणाले, ज्यांच्या तक्रारी आल्या होत्या त्यांना उत्तर देऊन झालंय, आता उकरून काढू नका. बाहेर बोलायचं नाही. भरपाईच्या भानगडी होतील. मी मान हलवली.

बाबा : मान हलवलीस.

ठकू : हो. आणि आज येताना ठरवलं होतं, तुम्हाला एवढंच सांगायचं की सिस्टीममध्ये कदाचित काहीतरी गडबड होती. कुणाची ते नाही सांगायचं. पण तुम्ही विश्वासच ठेवेनात. तुम्हाला पटावं म्हणून एकेक करत सगळं सांगावं लागलं. तुम्ही पहिल्याच वाक्याला हो म्हणाला असतात ना, तर मी तिथेच थांबले असते, बाबा. इतकी मी... इतकी मी चांगली आहे.

आत्या : अगं, पण सांगितलंस ना शेवटी.

ठकू : सांगावं लागलं, आत्या. त्यात फरक आहे.

बाबा : आहे फरक.

ठकू : रागावा ना माझ्यावर. एकदा तरी.

बाबा : राग आलाय. नाही असं नाही. आलाय, पण कुठे ठेवू ते कळत नाहीये. मी आयुष्यभर लोकांना खुर्चीत बसवून विचारलं, आता बरं दिसतं का? की आधीचं बरं होतं? भिंग बदलायचं आणि विचारायचं. मला आत काय ते माहीत असतं, यंत्र सांगतं मला, पण तरी विचारायचं. कारण बघायचं त्याला असतं. एवढ्या महिन्यांत तू मला सांगितलंस पुष्कळ. दाखवलंस. चिठ्ठी चिकटवलीस. डॉक्टरकडे नेलंस. विचारलं मात्र नाहीस.

ठकू : नाही विचारलं.

बाबा : एवढंच. झालं माझं रागावून.

(काउंटरवरचा फोन वाजू लागतो.)

आत्या : चौकातलाच असणार. टेम्पो निघाला हे सांगायला. काय रे दादा, काय करायचं?

बाबा : काय करायचं म्हणजे? पेटी उघड. भिंगांचा दम कोंडला असेल. ठकू, फोन तू घे.

ठकू : काय सांगू?

बाबा : नाही म्हणून सांग. दुकान चालू राहणार.

ठकू : कारण विचारतील ते.

बाबा : विचारणारच. बयाणा नाही घेतलेला, पण शब्द दिलाय मी. त्याने खुर्चीसाठी जागा केलीय तिकडे.

ठकू : बाबा, साहेबांनी बाहेर सांगायला...

बाबा : मग नको सांगूस. म्हणावं, म्हाताऱ्याचं मन फिरलं. हल्ली त्याला काही आठवत नाही, काय बोलतो त्याचं त्यालाच कळत नाही. पटकन पटेल त्याला. सगळ्यांनाच पटतं.

आत्या : वाजून वाजून बंद पडेल तो. घेणार आहेस की नाही?

ठकू : हॅलो... हो काका, मी ठकू बोलतेय... नाही, टेम्पो नका आणू... नाही नाही, किमतीचं काही नाही. बाबा दुकान बंद करत नाहीयेत... बरे आहेत ना... काका, ऐका. त्यांना काही झालेलंच नव्हतं. त्यांच्या काचा दोनदा यायच्या ना, ती चूक आमच्या साइटची होती... म्हणजे माझी. मी केलं होतं ते काम. मी एक सोय चालू केली आणि तिची काळजी घेतली नाही... हो, एकदा दाबलं तरी दोनदा जायचं. ते बरोबर होते, मी चुकले होते... हॅलो? काका?

आत्या : तुटला?

ठकू : नाही... हो काका, आहे मी. बोला... तुमच्याकडेही?... कधीपासून?... हो, तेव्हाच. जुन्या गिऱ्हाइकांच्याच ना?... हो. तेच आहे.

बाबा : काय म्हणतोय?

ठकू : थांबा, बाबा... तुमच्याकडे ऑर्डरी कोण टाकायचं, काका?... हो, आठवते मला. काउंटरवर असायची, उंच, जरा बोबडं बोलायची... मग आता ती...

आत्या : अगं, मोठ्याने सांग ना.

ठकू : ...तिनेही तेच सांगितलं होतं ना तुम्हाला? की एकदाच दाबलं म्हणून?... नाही काका, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्ही आमच्याकडे विचारलं होतं का तेव्हा?... आणि आम्ही काय उत्तर पाठवलं?... हो. "वापरणाऱ्याने दोनदा दाबले आहे." ते वाक्य माझंच आहे. मीच लिहून ठेवलंय ते. सगळ्यांना तेच जातं.

बाबा : ठकू... कामावरून काढलं तिला?

ठकू : हो, बाबा... काका, ती राहते कुठे?